पेशींचं जेवण पाकिटातून: कल्चर मीडियमची पावडर कशी विरघळवतात, कशी टिकवतात?

कुत्रा चावला की पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात, ही भीती कोरेगावपासून जतपर्यंत आजही ऐकायला मिळते. प्रत्यक्षात ती इंजेक्शनं बंद होऊन साधारण वीस वर्षं झाली. आता रेबीजची लस दंडात दिली जाते आणि चार-पाच डोसांत काम होतं.

जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत. ब्रिटिश डॉक्टर डेव्हिड सेंपल यांनी १९११ मध्ये हिमाचलमधल्या कसौली इथे ती विकसित केली होती. तिने असंख्य जीव वाचवले, पण तिच्यात प्राण्याच्या मज्जासंस्थेचे अंश राहत. त्यामुळे काही रुग्णांना लकव्यासारखे गंभीर त्रास होत. भारतात तिचं उत्पादन २००४-०५ च्या सुमारास थांबलं. तिच्या जागी आलेल्या लशीसाठी विषाणू वाढवला जातो तो प्रयोगशाळेत सांभाळलेल्या पेशींमध्ये.

या पेशींनाही अन्न लागतं. लालसर रंगाच्या एका द्रवातून त्यांना ते मिळतं. या द्रवाला ‘कल्चर मीडियम’ म्हणतात. अनेक प्रयोगशाळांमध्ये हे मीडियम पावडरीच्या रूपात येतं आणि तिथेच पाण्यात कालवून तयार केलं जातं. काम ऐकायला सरबत करण्याइतकं सोपं वाटतं. मात्र त्यातली छोटीशी चूकही काही दिवसांनी पेशी मरायला लागल्यावरच लक्षात येते. म्हणून हे काम नेमकं कसं चालतं, ते समजून घेऊया.

कल्चर मीडियममध्ये असतं तरी काय?

शरीरातल्या पेशींना रक्तातून साखर, क्षार, प्रथिनांचे घटक आणि जीवनसत्त्वं मिळतात. पेशी शरीराबाहेर काढली की हा पुरवठा तुटतो. मीडियम तो पुरवठा करतं.

त्यात सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार असतात. ऊर्जेसाठी ग्लुकोज, प्रथिनं बनवण्यासाठी अमिनो आम्लं आणि ब गटातली जीवनसत्त्वं असतात. फिनॉल रेड नावाचा रंगही असतो. तो अन्न नाही, द्रव आम्लधर्मी झाला की अल्कधर्मी हे डोळ्यांनी कळावं यासाठी घातलेला आहे. बऱ्याच पेशींना एवढंही पुरत नाही. त्यांच्यासाठी वापराआधी साधारण १० टक्के सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तातून वेगळा केलेला द्रव, मिसळतात. बहुतेक वेळा ते गाईच्या गर्भाच्या रक्तातलं असतं.

ही यादी एका दिवसात तयार झाली नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी शास्त्रज्ञ हॅरी ईगल यांनी एकेक घटक काढून पाहिला आणि पेशींना नेमकं कशावाचून चालत नाही ते शोधलं. १९५९ मध्ये त्यांनी किमान गरजांचं मीडियम मांडलं. ते आज ‘एमईएम’ या नावाने ओळखलं जातं. त्यात १३ अमिनो आम्लं आहेत. पुढे रेनातो डल्बेको यांनी अमिनो आम्लं आणि जीवनसत्त्वांचं प्रमाण वाढवून त्याची सुधारित आवृत्ती केली. ती ‘डीएमईएम’. जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये सर्रास दिसणाऱ्या मीडियमपैकी ते एक आहे. रक्तातल्या पांढऱ्या पेशींसाठी ‘आरपीएमआय १६४०’ जास्त वापरतात.

पुण्याशी याचं काय नातं?

भारतात पेशी वाढवण्याच्या कामात पुण्याचं स्थान मोठं आहे. १९५२ मध्ये तिथे विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं. तीच आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था, म्हणजे एनआयव्ही. १९६७ मध्ये या केंद्रातले के. आर. पी. सिंग यांनी एडिस जातीच्या दोन डासांच्या अळ्यांपासून सतत वाढत राहणाऱ्या पेशी तयार केल्या. यातल्या एडिस अल्बोपिक्टसच्या पेशींपासून १९७८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ इगाराशी यांनी ‘सी ६/३६’ नावाची शाखा वेगळी केली. डेंग्यू आणि चिकुनगुनियाचे विषाणू वाढवायला आजही जगभर याच पेशी वापरतात. त्यांचं मूळ पुण्यात आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातलं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र ही देशाची पेशींची पेढीच आहे. तिथे वेगवेगळ्या प्राण्यांच्या आणि माणसांच्या पेशी जतन केल्या जातात आणि देशभरातल्या संशोधकांना पुरवल्या जातात. पुण्याच्याच सीरम इन्स्टिट्यूटची रेबीज लस ‘व्हेरो’ पेशींवर बनते. या पेशी १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडापासून तयार झाल्या होत्या. २०२० मध्ये एनआयव्हीने कोरोनाचा विषाणू वेगळा केला, तोही व्हेरो पेशींमध्येच. त्याच विषाणूपासून पुढे कोव्हॅक्सिन तयार झाली.

या सगळ्या कामात पेशी रोज मीडियममध्ये असतात. मीडियम बिघडलं तर पेशी जगत नाहीत, आणि पेशीच नसतील तर विषाणूची ओळखही पटत नाही आणि लसही बनत नाही.

तयार द्रव मिळतो, मग पावडर कशाला?

तयार मीडियम बाटलीत विकत मिळतं. पण बाटलीतला बहुतेक भाग पाणीच असतो. एक लिटर डीएमईएमसाठी लागणारी पावडर साधारण साडेतेरा ग्रॅम भरते. म्हणजे दहा लिटर द्रवाऐवजी जेमतेम सव्वाशे-दीडशे ग्रॅमचं पाकीट पाठवलं तरी चालतं. वाहतूक स्वस्त होते आणि फ्रीजमधली जागा वाचते. न उघडलेली पावडर साधारण दोन-तीन वर्षं टिकते, द्रव मात्र काही महिनेच. मुंबईच्या हायमीडियासारख्या भारतीय कंपन्याही अशी पावडर बनवतात.

या बचतीबरोबर एक जबाबदारीही येते. तयार बाटलीचं पाणी, सामू आणि निर्जंतुकपणा कंपनीने तपासलेला असतो. पावडर घेतली की हे तिन्ही प्रयोगशाळेला सांभाळावं लागतं. पाकिटावरचा गुणवत्तेचा शिक्का फक्त पावडरीचा असतो, त्यात ओतलेल्या पाण्याचा नसतो.

अर्धं पाकीट वापरलं तर?

जुलाब झाल्यावर देतात त्या ओआरएसचं उदाहरण इथे चपखल बसतं. पाकिटावर ‘एक लिटर पाण्यात संपूर्ण पाकीट’ असं लिहिलेलं असतं. अर्धं आज, अर्धं उद्या असं केलं तर क्षार आणि साखरेचं प्रमाण बिघडू शकतं.

मीडियमच्या पावडरीत तर पन्नासच्या आसपास घटक असू शकतात. ग्लुकोज आणि मीठ ग्रॅममध्ये असतं, काही जीवनसत्त्वं मात्र मिलिग्रॅममध्ये. कंपनी ते दळून एकजीव करते. तरीही काढलेल्या प्रत्येक चमच्यात सगळं योग्य प्रमाणात येईल याची खात्री देता येत नाही. शिवाय पाकीट उघडल्याबरोबर पावडर हवेतला ओलावा शोषायला लागते. ओली झालेली पावडर वजनात जास्त भरते, त्यामुळे नंतरचं मोजमापही चुकतं. म्हणून एक लिटरचं पाकीट एकाच वेळी एक लिटरमध्ये वापरायचं, हा नियम आहे. मोठ्या डब्यातून मोजून घ्यावीच लागली, तर डबा लगेच घट्ट बंद करून ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ठेवतात.

पाणी कोणतं वापरायचं?

पेशी वाढवण्याच्या इतिहासात पाण्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. लंडनमधले डॉक्टर सिडनी रिंगर १८८० च्या दशकात बेडकाचं हृदय क्षारांच्या द्रवात ठेवून ते किती वेळ धडधडतं हे पाहत होते. आधी हृदय बराच वेळ चाललं. नंतर कळलं की त्यांच्या सहायकाने ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी नळाचं पाणी वापरलं होतं. शुद्ध पाणी घेतलं तेव्हा हृदय लवकर बंद पडलं. नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमने ते चालू ठेवलं होतं. १८८३ मध्ये रिंगर यांनी आपला निष्कर्ष जाहीरपणे दुरुस्त केला.

यातून दिसतं की पाण्यातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या क्षारानेही प्रयोगाचा निकाल बदलू शकतो. बोअरच्या पाण्याने बादलीवर पांढरा थर चढतो, तो अशाच क्षारांचा. म्हणून मीडियमसाठी विशेष शुद्ध केलेलं पाणी लागतं. त्यातले क्षार, सेंद्रिय द्रव्यं आणि जिवाणू काढून टाकलेले असतात. शुद्धता विद्युत रोधाने मोजतात. उत्तम पाण्याचा आकडा १८.२ मेगाओम-सेंटिमीटर असतो.

आणखी एक अडचण असते. जिवाणू मेले तरी त्यांच्या आवरणाचे तुकडे पाण्यात राहतात. त्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात. उकळून ते जात नाहीत आणि पेशींना त्रास देतात. म्हणून शुद्ध केलेलं पाणी दिवसेंदिवस साठवून ठेवत नाहीत, ताजंच वापरतात. काचेच्या भांड्यांनाही हेच लागू आहे. भांडं साबणाने धुतलं आणि नीट खळबळलं नाही, तर उरलेला साबणाचा अंशसुद्धा पेशींना मारक ठरतो.

एक लिटर मीडियम कसं तयार होतं?

ग्लुकोज जास्त असलेल्या डीएमईएमचं उदाहरण घेऊ. कंपनीनुसार आकडे थोडे बदलतात, त्यामुळे पाकिटावरची सूचना शेवटची मानायची. कामाचा क्रम साधारण असा असतो:

१. पाकीट फ्रीजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. गार तांब्याला बाहेरून घाम येतो, तसंच गार पाकीट लगेच उघडलं की आतल्या पावडरीवर दव जमतं.

२. एका स्वच्छ भांड्यात सुमारे ९०० मिलिलिटर शुद्ध पाणी घ्यायचं. पाणी १५ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावं. विरघळायला सोपं जावं म्हणून गरम करायचं नाही, उष्णतेने काही जीवनसत्त्वं आणि ग्लुटामिन बिघडतात.

३. पाणी हळू फिरत ठेवून त्यात पावडर थोडी थोडी सोडायची. पावडरीवर पाणी ओतलं तर पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात. जोरात ढवळलं तर फेस येतो.

४. पाकिटाच्या आत थोडं पाणी घालून ते विसळून भांड्यात ओतायचं. पाकिटाला चिकटलेली पावडरही मोजमापाचाच भाग असते.

५. सगळं विरघळून द्रव स्वच्छ दिसू लागल्यावर सोडियम बायकार्बोनेट घालायचं. डीएमईएमला लिटरमागे ३.७ ग्रॅम लागतं, एमईएमला २.२ ग्रॅम आणि आरपीएमआय १६४० ला २ ग्रॅम.

६. सामू मोजायचा. तो हव्या त्या आकड्यापेक्षा ०.२ ते ०.३ ने कमी ठेवायचा. त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल किंवा सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब वापरतात. हातमोजे आणि चष्मा या टप्प्यावर हवाच.

७. आणखी पाणी घालून एकूण द्रव बरोबर एक लिटर करायचा.

८. जास्त वेळ उघडा न ठेवता लगेच निर्जंतुक फिल्टरमधून गाळून निर्जंतुक बाटल्यांत भरायचा.

९. बाटलीवर मीडियमचं नाव, लॉट नंबर, तयार केल्याची तारीख, काय मिसळलं आणि कोणी तयार केलं हे लिहायचं.

सोडा वेगळा का घालतात? सामू कमी का ठेवतात?

सोडियम बायकार्बोनेट म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातला खायचा सोडाच, फक्त प्रयोगशाळेच्या शुद्धतेचा. तो पावडरीत आधीच मिसळला तर ओलावा लागताच इतर आम्लधर्मी घटकांशी त्याची प्रक्रिया होऊन वायू सुटतो. म्हणून बहुतेक पावडरींमध्ये तो नसतो. तो घालायचं विसरणं ही नवख्या माणसाकडून हमखास होणारी चूक आहे.

सामू हा शब्द माती परीक्षणाच्या अहवालामुळे शेतकऱ्यांच्या ओळखीचा आहे. उसाला किंवा आल्याला सामू थोडा इकडेतिकडे झाला तरी चालून जातं. माणसाच्या आणि प्राण्यांच्या बहुतेक पेशींना मात्र ७.२ ते ७.४ च्या आसपासच राहावं लागतं. पेशी वाढताना आम्ल सोडतात, त्यामुळे सामू घसरतो. तो धरून ठेवण्यासाठी बायकार्बोनेट आणि कार्बन डायऑक्साइड यांची जोडी काम करते. म्हणूनच पेशी ज्या कपाटात वाढतात त्या इन्क्युबेटरमध्ये ३७ अंश तापमानाबरोबर ५ ते १० टक्के कार्बन डायऑक्साइडही सोडलेला असतो.

मीडियम गाळताना विरघळलेला थोडा कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि सामू चढतो. ही वाढ गृहीत धरून तो आधीच थोडा खाली ठेवतात. खालून हवा ओढून गाळलं तर वायू जास्त निघून जातो. त्यामुळे वरून दाब देऊन गाळणं अधिक चांगलं मानतात.

सामूत झालेला बदल फिनॉल रेड रंगातून दाखवतो. ७.४ ला द्रव लाल असतो. ७ ला नारिंगी आणि ६.५ ला पिवळा होतो. ७.८ च्या पुढे गुलाबी-जांभळा दिसतो. फ्रीजमधली बाटली जांभळट दिसली, तर झाकण सैल राहून वायू गेला असण्याची शक्यता असते. पेशी असलेल्या बाटलीतलं मीडियम पिवळं झालं, तर पेशींची गर्दी झाली आहे किंवा जिवाणू शिरले आहेत असं समजतात.

उकळून निर्जंतुक का करत नाहीत?

दूध उकळतात, सलाईनच्या बाटल्या वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करतात, मग मीडियमच का गाळायचं? कारण ऑटोक्लेव्हच्या १२१ अंश तापमानात ग्लुटामिन आणि काही जीवनसत्त्वं टिकत नाहीत. बायकार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइडही निघून जातो. ऑटोक्लेव्ह चालेल अशा खास पावडरी मिळतात, पण त्यांत नाजूक घटक नंतर वेगळे घालावे लागतात.

त्यामुळे नेहमीचं मीडियम ०.२ मायक्रॉन छिद्रांच्या फिल्टरमधून गाळतात. बहुतेक जिवाणू आणि बुरशीचे बीजाणू या छिद्रांतून जाऊ शकत नाहीत. विषाणू आणि मायकोप्लाझ्मा नावाचे अतिसूक्ष्म जिवाणू मात्र निसटू शकतात. मायकोप्लाझ्मासाठी ०.१ मायक्रॉनचा फिल्टर वापरतात.

वनस्पतींच्या पेशींसाठीचं मीडियम याबाबतीत वेगळं आहे. कोरेगाव, कराड, वाळवा भागातल्या शेतकऱ्यांना टिश्यू कल्चरची केळी आणि उसाची रोपं नवी नाहीत. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाची आणि जळगावच्या जैन इरिगेशनमध्ये केळीची अशी रोपं तयार होतात. ऊस-केळीसारख्या पिकांच्या टिश्यू कल्चरमध्ये प्रामुख्याने वापरतात ते ‘एमएस’ मीडियम, मुराशिगे आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये तंबाखूच्या पेशींसाठी शोधलेलं. त्याचीही पावडर मिळते. लिटरमागे साधारण ४.४ ग्रॅम पावडर, ३० ग्रॅम साखर आणि घट्ट होण्यासाठी सुमारे ८ ग्रॅम अगर घालतात. सामू ५.८ च्या आसपास ठेवतात. हे मीडियम ऑटोक्लेव्हमध्ये १५ ते २० मिनिटं ठेवलं तरी चालतं. उष्णतेने बिघडणारी काही संप्रेरकं तेवढी गाळून नंतर मिसळतात.

पावडर कशी ठेवतात?

पावडरीचे तीन शत्रू आहेत: ओलावा, उष्णता आणि उजेड. त्यामुळे ती मूळ पाकिटातच, अंधारात, २ ते ८ अंश तापमानाला ठेवतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, त्याच दिवसांत पावडरीकडेही जास्त लक्ष द्यावं लागतं.

चांगली पावडर मोकळी, भुरभुरीत असते. गुठळ्या झाल्या, रंग गडद झाला किंवा पाकिटाला चिकटून बसली, तर तिला ओलावा लागलेला असतो. ती चाळून, फोडून वापरणं चुकीचं आहे. गुठळीत कोणता घटक किती बिघडला हे बाहेरून कळत नाही, म्हणून ती टाकून देतात.

तयार मीडियम किती दिवस चालतं?

गाळलेलं मीडियमही २ ते ८ अंशांवर, अंधारात ठेवतात. किती दिवस चालणार, हे बरंचसं ग्लुटामिन या अमिनो आम्लावर अवलंबून असतं. द्रवात ते आपोआप तुटत राहतं आणि त्यातून अमोनिया तयार होतो. म्हणजे अन्न कमी होतं आणि विष वाढतं. फ्रीजमध्ये हा वेग कमी असतो, ३७ अंशांवर तो बराच वाढतो. यावर दोन उपाय आहेत. ग्लुटामिन नसलेलं मीडियम ठेवून ते वापरायच्या वेळी घालायचं, किंवा सहज न तुटणारं अॅलॅनिल-ग्लुटामिन वापरायचं.

सीरम मिसळलेली बाटली साधारण महिन्याभरात संपवतात. सीरम मात्र वेगळं, उणे २० अंशांवर ठेवतात. रोज काम करताना पूर्ण बाटली ३७ अंशांच्या पाण्यात पुन्हा पुन्हा गरम करत नाहीत. लागेल तेवढंच छोट्या बाटलीत काढून गरम करतात.

मीडियम बर्फात गोठवून ठेवलं तर जास्त टिकेल असं वाटू शकतं. पण गोठताना काही क्षार साका होऊन बाहेर पडतात आणि वितळल्यावर पुन्हा नीट विरघळतीलच असं नाही. फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलेली बाटलीही अशी गोठू शकते.

उजेडाचा धोका कमी लोकांच्या लक्षात येतो. मीडियममधलं रायबोफ्लेविन हे जीवनसत्त्व प्रकाश शोषतं आणि ट्रिप्टोफॅनसारख्या घटकांबरोबर त्याची प्रक्रिया होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो. तो पेशींना घातक असतो. काचेच्या दाराच्या फ्रीजमध्ये ट्यूबलाइटखाली ठेवलेली बाटली बाहेरून चांगली दिसते, पण आतून बिघडत जाते. यासाठी बाटल्यांना अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळतात किंवा बंद दाराचा फ्रीज वापरतात.

वीज गेली तर? फ्रीज किती वेळ बंद होता आणि आतलं तापमान कुठवर गेलं याची नोंद नसेल, तर बाटली वापरावी की टाकावी हे ठरवता येत नाही. म्हणून फ्रीजमध्ये कमाल-किमान तापमान दाखवणारा थर्मामीटर ठेवतात.

मीडियम बरोबर झालं आहे हे कसं तपासतात?

डोळ्यांनी स्वच्छ दिसणं ही फक्त पहिली पायरी आहे. चांगल्या प्रयोगशाळा नवं मीडियम वापरण्याआधी चार चाचण्या करतात.

पहिली निर्जंतुकपणाची. थोडं मीडियम बाजूला काढून काही दिवस ३७ अंशांवर ठेवतात. गढूळ झालं तर त्यात जिवाणू आहेत. त्या दिवशी गाळलेल्या सगळ्या बाटल्या मग बाद होतात.

दुसरी सामूची. गाळल्यानंतर तो पुन्हा मोजतात.

तिसरी ऑस्मोलॅलिटीची, म्हणजे द्रवात विरघळलेल्या कणांच्या प्रमाणाची. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटून त्या आकसतात. मीडियममध्ये पाणी कमी पडलं तर पेशीही अशाच आकसतात, पाणी जास्त झालं तर फुगतात. प्राण्यांच्या बहुतेक पेशींना किलोमागे २६० ते ३२० मिलिऑस्मोलच्या दरम्यानचं मीडियम मानवतं. पाकीट विसळलं नाही, पाणी मोजायला चूक झाली किंवा सोडा विसरला, तर ही चाचणी ते पकडते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची म्हणजे वाढीची. त्याच पेशी जुन्या आणि नव्या मीडियममध्ये शेजारी शेजारी वाढवतात आणि त्यांची संख्या मोजतात. पहिल्या दिवशी फरक दिसतोच असं नाही. पेशींमध्ये आधीचा साठा शिल्लक असतो, म्हणून दोन-तीन वेळा नव्या बाटलीत पेशी हलवून पाहिल्यावरच खरं चित्र कळतं.

चूक झाली तर काय बिघडतं?

पेशी लगेच मेल्या तर उलट बरं, कारण चूक लगेच कळते. जास्त नुकसान होतं ते पेशी जगतात पण नीट वाढत नाहीत तेव्हा. समजा, एखाद्या औषधाने कर्करोगाच्या पेशी कमी होतात का हे तपासलं जात आहे. पेशी मीडियममधल्या अमोनियामुळे कमी झाल्या, पण श्रेय औषधाला गेलं, तर सगळा निष्कर्षच खोटा ठरतो. डेंग्यूच्या रुग्णाच्या नमुन्यात विषाणू असूनही अशक्त पेशींमध्ये तो वाढला नाही, तर अहवालात ‘विषाणू आढळला नाही’ असं येऊ शकतं.

अशा वेळी शोध सुरू होतो तो बाटलीवरच्या लेबलपासून. कोणता लॉट, कोणत्या दिवशीचं पाणी, सोडा किती, सामू किती, फिल्टर कोणता, कोणी तयार केलं. हे लिहिलेलं असेल तर दोष तासाभरात सापडू शकतो. लिहिलेलं नसेल तर पाणी, पावडर, सीरम आणि पेशी सगळंच संशयित ठरतं आणि काही आठवड्यांचं काम पुन्हा करावं लागतं. लस बनवणाऱ्या कारखान्यात तर अशा नोंदीशिवाय पूर्ण लॉटच बाद होऊ शकतो.

म्हणून मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी शिकून प्रयोगशाळेत पहिल्यांदा काम करणाऱ्या मुलामुलींना बहुधा सुरुवातीला मीडियमच करायला देतात. ते हलकं काम आहे म्हणून नाही. पुढच्या टेबलावर होणारा प्रत्येक प्रयोग त्याच बाटलीतून सुरू होतो, आणि ती नीट भरली गेली का हे काही दिवसांनी पेशींकडे बघूनच कळतं.